चक्कर कानाची की मेंदूची?

घरात कुणाला चक्कर आली की आपण म्हणतो, 'पित्त झालं असेल, उपाशी असेल.' लिंबूपाणी पाजतो, झोपवून ठेवतो. बहुतेक वेळा माणूस सावरतो. पण कधी कधी ती पक्षाघाताची सुरुवात असते. म्हणून दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा, असे आम्हाला वाटते.

कानाची चक्कर : तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आत असतो. त्यातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत गेले, की कूस बदलताना किंवा मान वर करताना घर गरगर फिरते. ही चक्कर बहुधा मिनिटभरात थांबते. डॉक्टर डोके ठरावीक रीतीने फिरवून कण जागेवर आणतात. पुष्कळांना तेवढ्यानेच आराम पडतो. चक्कर येताना कानात आवाज येणे, दडा बसणे हेही बहुधा कानाचेच दुखणे असते. मात्र अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मेंदूची चक्कर : तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाचा रक्तपुरवठा अडला, तर चक्कर अचानक येते. सोबत पुढचे काही दिसते का, ते पाहा :

- एकाचे दोन दिसणे
- बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे
- एका बाजूचा हात-पाय बधिर किंवा लुळा पडणे
- गिळताना ठसका लागणे
- अचानक असह्य डोकेदुखी
- आधाराशिवाय उभे राहता न येणे, बसल्या जागी कलंडणे

यांतले एक जरी दिसले, तरी १०८ ला फोन करा. लक्षणे थोड्या वेळात गेली तरी थांबू नका. रोगी शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडाने पाणी, चहा किंवा गोळी देऊ नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जाऊ शकते.

बीपी किंवा साखरेचा आजार असलेल्यांना, तंबाखू खाणाऱ्यांना पहिल्यांदाच चक्कर आली आणि ती थांबेना, तर दुसरे लक्षण नसले तरी ताबडतोब मोठा दवाखाना गाठा. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये असा झटका कधी कधी दिसत नाही. म्हणून 'रिपोर्ट साफ आहे' असे सांगितले, पण रोग्याला चालताच येत नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. असे विचारायला संकोच करू नका.