मोजल्याशिवाय लिहू नकोस

चि. सई,

काल ताईचा फोन आला. तू प्लॉटवर जातच नाहीस, होस्टेलच्या खोलीत बसून झाडांचे घेर वहीत भरतेस, असं तिच्या कानावर आलंय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खोटं असेल तर देव पावला. खरं असेल तर ऐक.

तू एम.एस्सी.ला वनसंवर्धन घेतलंस तेव्हा गावभर पेढे मी वाटले होते. घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर घ्यायचा, उतारावर चढाच्या बाजूला उभं राहून, हे तुला मी काय सांगणार! पण घनफळ घेराच्या वर्गाने वाढतं. घेरात शंभराला पाच चुकलीस, तर लाकडात शंभराला दहा चुकतात. त्याच आकड्यांवर उद्या कोणी विरळणी ठरवेल, कुठल्या झाडावर हातोडा मारायचा ते ठरवेल. निलांबूरला कॉनोली आणि चातू मेनन यांनी १८४०च्या दशकात लावलेला साग अजून उभा आहे. साग लावणारा तो तोडायला नसतो ग. पुढच्यांच्या हाती वहीच लागते.

मोजलेस ना खरंच?

मी हे का विचारतो, ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. वनरक्षक म्हणून लागलो त्या वर्षी पावसाळ्यानंतर जिवंत रोपं मोजायची होती. अंगात ताप होता. खालच्या रस्त्यावरूनच बघितलं आणि लिहून टाकलं, शंभरात नव्वद जगली. निम्मी गुरांनी खाल्ली होती. माझ्या आकड्यामुळे नांग्या भरायला पुढच्या वर्षी एकही रोप मिळालं नाही. आपल्या एस.टी.तून डावीकडे दिसते ती बोडकी टेकडी तीच. आजोळी येताना तू विचारायचीस, मामा, इथे झाडं का नाहीत? मी उत्तर टाळायचो.

रागावलो, रुसू नकोस. श्रावणात तू प्लॉटच्या उतारावरून घसरली होतीस. तेव्हापासून तिथे एकटीने जायची धास्ती बसली असेल, हे आत्ता लिहिताना सुचतंय. तसं असेल तर मला का नाही सांगितलंस, बाळ?

न मोजलेली पानं खोडून ठेव, सरांना स्वतः सांग. दिवाळीनंतर गवत वाळलं की मी येतो. तू टेप धर, मी आकडे लिहितो. खाजकुयली लागू नये म्हणून मामीने तुझ्यासाठी लांब बाह्यांचे दोन सदरे शिवलेत. कुठल्या तारखेला येऊ, तेवढं कळव.

तुझा,
मामा