चाक घुमतंय, पण कुठलं?

कुंभार्ली घाट ओलांडून पाटणमार्गे कराडला हायवेला लागलो आणि गाडीच्या पुढच्या बाजूने घूं-घूं ऐकू यायला लागलं. काटा साठच्या पुढे गेला की वाढायचं, चाळीसवर विरायचं. ब्रेक दाबून पाहिला, फरक नाही. गिअर न्यूट्रलला टाकला, तरी घुमणं चालूच. म्हणजे इंजिन बाद, आवाज चाकाच्या फिरण्याचा. गॅरेजमध्ये टायरवरून हात फिरवून सांगितलं, "टायर खाल्लेत, बदला." पुढचे दोन्ही बदलले. आवाज जागचा हलला नाही.

टायरचा संशय घेणं गैर नव्हतं. ओबडधोबड झिजलेला टायर थेट चाकाच्या खराब बेअरिंगसारखाच घुमतो. पण टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो, सिमेंटवर एक आणि डांबरावर दुसरा. पुढचे टायर मागे टाकले की आवाजही मागे जातो. ही अदलाबदल जवळपास फुकटात होते, म्हणून नवे टायर घेण्याआधी ती करायलाच लावा. बेअरिंगला रस्त्याचं फारसं पडलेलं नसतं, ते बोलतं ओझं पडल्यावर. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर येतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, वेग तोच ठेवून मी स्टिअरिंग अलगद उजवीकडे नेलं. घुमणं चढलं. डावीकडे नेलं, जवळजवळ बंद. संशय डाव्या बेअरिंगवर.

एवढ्यावरही विसंबू नका, कधीकधी ही खूण उलटी निघते. गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाजवळ बसू नका. गिअर न्यूट्रलला ठेवून एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. आमच्या गाडीची उजवी स्प्रिंग शांत होती. डावीवर बोटांना बारीक खरखर लागत होती, वाळू घातलेलं जातं फिरावं तशी. कानाला मात्र त्या वेळी काहीच ऐकू येत नव्हतं. मग चाक वरखाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आणि आडवं धरून हललं तर टाय रॉड एंडही बघून घ्या. प्ले असलेली गाडी चालवत नेऊ नका.

बाकीचे आवाज ओळखायला सोपे. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट झालं तर सीव्ही जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटला की रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. स्पीडब्रेकरवर खट्ट वाजलं तर बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश. ब्रेकला बारीक चीं म्हणजे बहुधा पॅड संपत आलेत, खर्रर म्हणजे लोखंड डिस्कला घासतंय, तेव्हा पुढे जाऊच नका. आणि टायरचं काम करून आल्यावर चाक धडधडलं, स्टिअरिंग थरथरलं, तर तिथेच थांबून आधी व्हील नट आवळा.

बेअरिंग बदलताना मी समोर उभा राहिलो, तुम्हीही राहा. ते प्रेसवर दाबून बसवायला हवं, हातोड्याने ठोकून नव्हे. ठोकताना आतल्या गोळ्यांचे खड्डे रेसवर, म्हणजे त्या फिरतात त्या कड्यांवर, उमटतात आणि नवं बेअरिंग लवकरच घुमायला लागतं. बेअरिंग ज्या घरात बसतं त्या नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. एक्सलचा नट नवा घ्या आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळायला सांगा. काही बेअरिंगांच्या एका बाजूला एबीएससाठी चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे न येता उलटी बसली, तर आवाज जातो पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. त्यामुळे पैसे देण्याआधी गाडी थोडी चालवून तो दिवा पाहा.