आकड्यांची घरे

महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या मोटारीत चालकासमोर एक लहानशी खिडकी असते. गाडी आजवर किती अंतर चालली, ते तीत दिसते. जुन्या मोटारींत या खिडकीमागे आकडे लिहिलेली चाके एका ओळीत बसविलेली असत. ज्या मोटारीत अशी पाच चाके असत, तिने ९९,९९९ किलोमीटर पुरे करून आणखी एक किलोमीटर कापला, की पाचही चाके फिरत आणि खिडकीत पाच शून्ये दिसू लागत. गाडी काही नवी होत नसे. लाखाचा आकडा दाखविण्यास सहावे घर नव्हते, एवढेच.

संगणकाचीही गोष्ट अशीच आहे. आपण शून्यापासून नऊपर्यंत दहा अंक वापरतो. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांवर सारा व्यवहार चालवितो. त्याच्या स्मृतीतील एका घरात यांपैकी एकच अंक राहतो. या घराला बिट म्हणतात. एका घरात दोन प्रकारची मांडणी होते, दोन घरांत चार, तीन घरांत आठ. याप्रमाणे प्रत्येक नव्या घराबरोबर मांडण्या दुप्पट होत जातात आणि आठ घरांत त्या २५६ होतात. आठ घरांच्या या गटाला बाइट असे नाव आहे. शून्य धरून मोजल्यास एका बाइटमध्ये ० पासून २५५ पर्यंतचे पूर्णांक मावतात. २५५ मध्ये आणखी एक मिळविला, तर मोटारीतील चाकांप्रमाणे आठही घरांत शून्ये येतात.

पूर्वी संगणकाची स्मृती फार महाग असे. त्यामुळे खेळांची यंत्रे तयार करणारे लोक एकेक घर जपून वापरीत. जपानमधील नाम्को या कंपनीने १९८० साली ‘पॅक-मॅन’ नावाचा खेळ बाजारात आणला. चक्रव्यूहासारख्या वाटांतून फिरत सारे ठिपके खाऊन टाकले, की खेळणारा पुढच्या पातळीवर जाई. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला होता. इतक्या पातळ्या कोणी पार करील, असे कर्त्यांना वाटले नसावे. परंतु चिकाटीचे खेळाडू २५६व्या पातळीवर जाऊन पोचले. तेथे पडद्यावर फळांची चित्रे काढण्याचा हिशेब करताना तो आकडा उलटून शून्य झाला. यंत्राचा गोंधळ उडाला आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग वेड्यावाकड्या अक्षरांनी व आकड्यांनी भरून गेला. ती पातळी पुरी करणे कोणालाही शक्य राहिले नाही.

१९८६ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या दुसऱ्या जपानी खेळात निराळी तजवीज होती. त्यातील वीर वाटेत रत्ने गोळा करतो. २५५ रत्ने झाली, की त्याची थैली भरली असे यंत्र मानते आणि पुढचे रत्न हिशेबात धरत नाही. येथे आकडा उलटत नाही, तर थांबतो. खेळात रत्नांची मर्यादा २५५ का, हजार का नाही, याचे उत्तर असे त्या आठ घरांत सापडते.

खेळ बिघडला, तर खेळणाऱ्याची थोडी निराशा होते. अधिक हानी होत नाही. परंतु हीच चूक अन्यत्र महागात पडते. ४ जून १९९६ रोजी युरोपातील राष्ट्रांनी ‘एरियन ५’ हे नवे अग्निबाण आकाशात सोडले. त्याच्या संगणकातील काही भाग आधीच्या ‘एरियन ४’ मधून तसाच घेतलेला होता. वेगासंबंधीचा एक आकडा सोळा घरांत बसवायचा होता आणि धन-ऋण चिन्हाची सोय करून त्या घरांत ३२,७६७ हून मोठा आकडा मावत नव्हता. जुन्या बाणाला तेवढे पुरे होई. नव्याचा वेग अधिक होता. आकडा मावेना, तेव्हा दिशा सांगणारे संगणक बंद पडले आणि सुमारे ४० सेकंदांत बाणाचे तुकडे झाले. सुदैवाने त्यात माणसे नव्हती.

आता सावित्रीच्या खोऱ्याकडे वळू. ही नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. डोंगरावर पाऊस कोसळला, की खालच्या गावांना पुराचे भय असते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड शहर पाण्याखाली गेले. महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले.

आपोआप पाऊस मोजणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रात झोपाळ्यासारखी दोन चिमुकली पात्रे असतात. एक भरले, की ते कलंडते व दुसरे वर येते. प्रत्येक कलंडण्याला गणकात एकाची भर पडते. एका कलंडण्याला अर्धा मिलिमीटर पाऊस धरला, तर ५९४ मिलिमीटरला पात्र १,१८८ वेळा कलंडेल. समजा, अशा यंत्राचा गणक आठच घरांचा आहे. तो चार वेळा उलटून शून्यावर येईल आणि शेवटी १६४ दाखवील. म्हणजे पाऊस अवघा ८२ मिलिमीटर! झेल्डाच्या थैलीप्रमाणे तो थांबणारा असला, तरी १२७.५ मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. दोन्ही आकडे खोटे. आणि दोन्ही वाचून खालच्या गावातील माणूस निर्धास्त झोपी जाईल.

याला उपाय अगदी साधा आहे. आठांऐवजी सोळा घरे दिली, तर गणक ६५,५३५ पर्यंत मोजतो. त्यात ३२,७६७ मिलिमीटर पाऊस सहज मावतो. चेरापुंजीला १८६०-६१ साली बारा महिन्यांत पडलेला २६,४६१ मिलिमीटरचा विक्रमी पाऊसही तेवढ्या घरांत बसला असता.

पायलीत खंडीभर भात मावत नाही. त्यात पायलीचा दोष नसतो. माप निवडणाऱ्याने आधी रास किती मोठी होईल, याचा अंदाज घ्यायला हवा. यंत्रासाठी घरे आखणाऱ्यानेही रोजच्या सरींवर न विसंबता सर्वांत मोठ्या पावसाचा विचार करावा.

शब्दार्थ
तजवीज – व्यवस्था. अग्निबाण – अवकाशात झेपावणारे यान, रॉकेट. गणक – मोजणी करणारा भाग. निर्धास्त – निश्चिंत. रास – ढीग. पायली, खंडी – धान्य मोजण्याची जुनी मापे.

स्वाध्याय
१. पाच चाकांच्या खिडकीत ९९,९९९ नंतर शून्ये का दिसत?
२. ‘पॅक-मॅन’ आणि ‘झेल्डा’ या खेळांनी मर्यादा आल्यावर काय केले? दोहोंतील फरक सांगा.
३. ‘एरियन ४’ मध्ये जे चालले, ते ‘एरियन ५’ मध्ये का चालले नाही?
४. महाडला एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाठातील आठ घरांचा उलटणारा गणक किती पाऊस दाखवील? गणित करून पाहा.