दुधांतील आम्लतेचा हिशोब

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत संगमनेर, राहाता, राहुरी वगैरे तालुक्यांतून शेतीस दुधाच्या धंद्याची जोड मिळाली आहे. संकलन केंद्रावर दूध आंबट ठरून परत आलें म्हणजे त्या दिवसाची मेहनत व वैरण दोन्ही वायां जातात. ज्या आंकड्यावरून हा निर्णय होतो, तो कसा काढितात हें प्रत्येक उत्पादकानें जाणून घेणें अगत्याचें आहे. हिशोब त्रैराशिकाहून अवघड नाहीं.

दूध ठेविलें असतां त्यांतील सूक्ष्म जंतु दुग्धशर्करेचें दुग्धाम्ल बनवितात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनीं १७८० सालीं आंबट दुधांतून हें आम्ल प्रथम वेगळें केलें. आम्ल व अल्क एकत्र येतांच परस्परांचा गुण मारितात. म्हणून ठाऊक असलेल्या अल्काचा खर्च मोजून आम्लाचें प्रमाण काढितां येतें. यासच अनुमापन म्हणतात.

कृति : पिपेटनें १० मिलिलिटर दूध वाटींत घेऊन त्यांत फेनॉल्फ्थॅलीनचे कांहीं थेंब घालावे. ब्यूरेटमध्यें कॉस्टिक सोड्याचें दशांश-नॉर्मल द्रावण, म्हणजे लिटरांत ४ ग्रॅम सोडा असलेलें, भरून आंकडा लिहावा. दूध ढवळीत तें थेंबथेंब सोडावें. फिकट गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकला कीं थांबावें व आंकडा पुन्हां वाचावा.

उदाहरण : आरंभींचा आंकडा ४.२, शेवटचा ५.८, खर्च १.६ मिलिलिटर. या द्रावणाचा १ मिलिलिटर ०.००९ ग्रॅम दुग्धाम्ल मारितो. म्हणून १.६ × ०.००९ = ०.०१४४ ग्रॅम आम्ल १० मिलिलिटर दुधांत, शंभरांत ०.१४४, म्हणजेच ०.१४४ टक्के. गाईच्या ताज्या दुधांतहि केसीन व फॉस्फेटें यांमुळें सुमारें ०.१३ ते ०.१६ टक्के आम्लता दिसते. म्हणून हें दूध निर्दोष समजावें.

आतां मुख्य सावधगिरी. पायलीच खोटी असेल तर धान्याचा हिशोब कितीहि नीट मांडला तरी व्यर्थ. कॉस्टिक सोडा हवेंतील कार्बनी वायु शोषून दुर्बळ होतो. त्याचें बळ ०.१ वरून ०.०८ वर आलें, तर त्याच दुधास २.० मिलिलिटर लागतील व उत्तर ०.१८ टक्के येईल. चांगलें दूध कागदावर आंबट ठरेल! यास्तव लिटरांत ६.३ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक असलेलें ताजें द्रावण १० मिलिलिटर घेऊन सोडा पडताळावा. बरोबर १० मिलिलिटर सोडा लागला तर तो खरा, १२.५ लागला तर त्याचें बळ ०.०८ च आहे.

कित्येक ठिकाणीं नवमांश-नॉर्मल द्रावण वापरितात. त्याचा १ मिलिलिटर ०.०१ ग्रॅम आम्ल मारितो. तरी दूध नाकारलें गेल्यास वाद घालण्यापूर्वीं तीन गोष्टी नम्रपणें विचाराव्या : द्रावण दशांश कीं नवमांश, तें केव्हां पडताळलें, व दोन्ही आंकडे वहींत लिहिले आहेत काय. उत्तरें मिळालीं कीं हिशोब आपला आपणच करावा.