आधी दवाखाना, मग कॉलेज

भिलाई

चि. केतकी,

बारावीनंतर फार्म.डी.ला जायचे तुझ्या मनात आहे आणि प्रवेशाला काय काय लागते ते तुला हवे आहे, असे ताईकडून कळले. विद्यार्थ्याने पुऱ्या करायच्या अटी इतक्या थोड्या आहेत की पोस्टकार्डावर मावतील. या पदवीच्या नियमांचा मोठा भाग कॉलेजला बांधून घालणारा आहे. दवाखाना कुठला, खाटा किती, विभाग कोणते, शिकवणारे कोण, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. भिलाई-दुर्गकडची मुले पहिला भाग तोंडपाठ करून जातात आणि दुसरा उघडूनही बघत नाहीत. मामाचे सांगणे मुख्यतः त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

पहिला भाग आधी उरकून घेऊ. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे सगळे जिला पीसीआय म्हणतात त्या संस्थेने, २००८ साली नियम करून डॉक्टर ऑफ फार्मसी (फार्म.डी.) ही सहा वर्षांची पदवी देशात आणली. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवेच. जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पुरी व्हायला हवीत. मान्यताप्राप्त संस्थेतून डी.फार्म. झालेला विद्यार्थीही पात्र असतो, पण त्यालाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते, बी.फार्म.ला असते तशी थेट दुसऱ्या वर्षाची सोय इथे नाही. बी.फार्म. झालेल्यांना फार्म.डी. पोस्ट बॅकलॉरिएट हा तीन वर्षांचा वेगळा रस्ता आहे. नियमांनी ठरवलेल्या जागाही मोजक्याच आहेत, सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० आणि तीन वर्षांच्याला १०. जीवशास्त्रवाल्यांना पहिल्या वर्षी गणित आणि गणितवाल्यांना जीवशास्त्र पूरक विषय म्हणून घ्यावे लागते. तेव्हा अकरावीत सोडलेले गणित पुन्हा समोर येणार, हे आत्ताच धरून चाल.

प्रवेश परीक्षा मात्र राज्यागणिक बदलते. आपल्याकडे छत्तीसगढात व्यापमंची पीपीएचटी आहे, पण ती बी.फार्म. आणि डी.फार्म.साठी. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी, कर्नाटकात केसीईटी, तेलंगणात ईएपीसीईटी. अभिमत विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा वेगळ्या. पीसीआयने फार्म.डी.साठी नीट परीक्षा सक्तीची केलेली नाही. जीपॅट ही एम.फार्म.ची परीक्षा, तिचा तुझ्याशी आज संबंध नाही. कोचिंगच्या जाहिराती ही सगळी नावे एकाच पानावर छापतात आणि पालक प्रत्येकीची फी भरून बसतात.

इथे आपल्या मराठी घरांचा एक गैरसमज दूर करायला हवा. भिलाईतल्या पुष्कळ मराठी कुटुंबांना वाटते की घरी मराठी बोलतो, आडनाव मराठी आहे, तर पुण्या-नागपूरच्या जागांवर आपला थोडा तरी हक्क असेलच. तसा नसतो. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत दहावी-बारावी कुठून झाली आणि विद्यार्थ्याचा किंवा आई-वडिलांचा अधिवास कुठला, हे पाहतात. मातृभाषा मराठी असल्याचा विचार होतो तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या विद्यार्थ्यांपुरता. दुर्ग जिल्ह्यात दहावी-बारावी झालेली, छत्तीसगढचे निवास प्रमाणपत्र असलेली मुलगी तिथे परराज्यातली उमेदवार ठरते. आईचा किंवा वडिलांचा अधिवास अजून महाराष्ट्रात असेल तर गोष्ट वेगळी. तो कागद आहे का, हे ताईला आजच विचार.

आता दुसरा भाग. फार्म.डी. चालवायची तर कॉलेजकडे बी.फार्म.ची मान्यता आधी असावी लागते, आणि किमान ३०० खाटांचे रुग्णालय हाताशी असावे लागते. ते कॉलेजचे स्वतःचे असेल, नाहीतर वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दर्जाचे सरकारी किंवा कॉर्पोरेट रुग्णालय लेखी कराराने जोडलेले असेल. तिथे मेडिसिन विभाग हवाच. शिवाय शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग यांपैकी तीन विभाग हवेत. एवढा आग्रह का, ते शेवटच्या दोन वर्षांकडे पाहिले की कळते. पाचव्या वर्षी वॉर्डातली क्लार्कशिप आणि सहा महिन्यांचा प्रकल्प असतो. सहावे वर्ष सगळे इंटर्नशिपचे, त्यातले सहा महिने मेडिसिनमध्ये आणि उरलेले दोन-दोन महिने तीन वेगळ्या विभागांत. ज्या कॉलेजाचा दवाखान्याशी करार फक्त फायलीत आहे, तिथला विद्यार्थी ही दोन वर्षे कुठे काढणार? तो ग्रंथालयात बसून केस शीट भरतो, आणि सहा वर्षांनी रुग्णासमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा हेच त्याला सुचत नाही.

म्हणून कॉलेज पाहायला जाशील तेव्हा इमारत, वायफाय, वसतिगृहाची मेस हे नंतर. आधी दवाखान्याचे नाव विचार आणि तिथे जा. फार्म.डी.ची मुले रोज राउंडला येतात का, हे तिथल्या सिस्टरला विचार. औषध माहिती केंद्र आहे का, असेल तर त्याच्या रजिस्टरवर शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे, हे पाहा. पाचव्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून गेल्या आठवड्यात कुठला रुग्ण पाहिला ते विचार. खरोखर शिकत असेल तर तो अर्धा तास बोलेल.

या शिक्षणाची गरज आपल्या भागाइतकी क्वचितच कुठे असेल. छत्तीसगढात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण गावोगाव आहेत. त्यांना हायड्रॉक्सीयुरिया दिले जाते. त्याचा डोस वजनावर ठरतो आणि त्याने रक्तातल्या पेशी फार कमी होत नाहीत ना, हे ठरावीक अंतराने तपासावे लागते. बस्तरच्या जंगलात मलेरिया आहे. व्हायवॅक्स मलेरियासाठी दिले जाणारे प्रायमाक्विन जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फोडते. डॉक्टर औषध लिहून पुढच्या रुग्णाकडे वळलेला असतो; ओपीडीत शंभर माणसे रांगेत असतात. गोळ्या घरी गेल्यावर रुग्ण त्या कशा घेतो, कोणत्या दिवशी सोडून देतो, गावच्या वैद्याचे काय सोबत घेतो, हे विचारणारा माणूस लागतो. क्लिनिकल फार्मासिस्टचे काम ते हेच.

२०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरानंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या, ते तुझ्या लहानपणी घडले. एका डॉक्टरने काही तासांत ८३ शस्त्रक्रिया केल्या होत्या. संशय शस्त्रक्रियेच्या स्वच्छतेवर गेला तसा त्यांना दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांवरही गेला आणि त्या गोळ्या परत मागवाव्या लागल्या. कारणांबद्दल पुढे वाद झाले. पण औषध कुठून आले, कोणत्या बॅचचे आहे, कोणाला दिले, आणि पहिल्या रुग्णाला उलट्या सुरू झाल्यावर उरलेल्या गोळ्या ताबडतोब कोण थांबवणार, हे प्रश्न त्या दिवसांत सगळ्या राज्याला पडले होते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा देशाचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. आज तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. त्याला मिळणारी माहिती शेवटी कुठल्या तरी वॉर्डात कोणीतरी नीट भरलेल्या फॉर्मवर अवलंबून असते.

फार्मसीचा कायदादेखील अशाच अनुभवातून आला. बाजारातल्या भेसळीच्या आणि कमी ताकदीच्या औषधांची चौकशी करायला १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा झाला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी देऊ नये, हे फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते. औषधाच्या दुकानावर नुसते प्रमाणपत्र टांगून मालक दुसरीकडे नोकरी करतो, हे तू सुपेलाच्या बाजारात पाहिले असशील. त्या जगात तुला जायचे नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे, आणि ती कोणत्याही गुणपत्रिकेवर येत नाही. तुला मराठी येते, हिंदी येते आणि वाड्यातल्या मुलांबरोबर खेळून छत्तीसगढीही येते. औषध समजावून सांगणे हे सगळे बोलण्याचेच काम आहे. म्हैसूरचे किंवा उटीचे जेएसएस कॉलेज या विषयात देशात अग्रेसर मानले जाते, आणि ते खरेही आहे. पण तिथल्या वॉर्डात कन्नड किंवा तमिळ लागते. हैदराबादेत तेलुगू लागते. परराज्यातली हुशार मुले पहिले वर्षभर रुग्णाशी बोलायला दुभाष्या शोधत फिरतात. दूर जायचेच असेल तर ती भाषा पहिल्या दिवसापासून शिकायची तयारी ठेव. नाहीतर नागपूर-रायपूर पट्ट्यात चांगला दवाखाना असलेले कॉलेज मिळाले तर त्याला कमी लेखू नकोस.

नावापुढे डॉक्टर लागण्याबद्दल स्पष्टच लिहितो. फार्म.डी. झालेल्याला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. तो डॉक्टरला सल्ला देतो, डोस तपासतो, दोन औषधे एकमेकांत बिघाड करत असतील तर सांगतो. एमबीबीएस हुकले म्हणून मागच्या दाराने डॉक्टर होता येईल, या आशेने आलेली मुले तिसऱ्या वर्षी खचतात. सरकारी रुग्णालयांत या पदवीसाठी पदे फार थोडी आहेत. खाजगी मोठी रुग्णालये, क्लिनिकल रिसर्च, आणि हैदराबाद, पुणे, बेंगळुरूच्या फार्माकोव्हिजिलन्स कंपन्या, इथे कामे मिळतात. पगाराची सुरुवात अनेकदा घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा खाली असते. हे ऐकूनही मन तिकडेच ओढत असेल तर जरूर जा.

अमेरिकेचे आकर्षण घरात आहेच, तेव्हा तेही सांगतो. तिथे शिकून फार्मासिस्ट व्हायला आता फार्म.डी.च लागते. परदेशात शिकलेल्यांसाठी अट अशी की १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतली असेल तर फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. त्यामुळे आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथे अडते आणि सहा वर्षांची फार्म.डी. चालते. पुढे एफपीजीईई ही समकक्षतेची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, तिथली इंटर्नशिप, परवान्याची नॅप्लेक्स परीक्षा आणि व्हिसा हे सगळे उरतेच. फक्त त्यासाठी सहा वर्षे घालवू नयेत, असे मामाला वाटते.

तुझा ओढा प्रयोगशाळेकडे असेल, नवे औषध शोधण्याकडे असेल, तर रस्ता निराळा आहे. आधी बी.फार्म., मग जीपॅट देऊन एम.फार्म., मग पीएच.डी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना पाच टक्के सवलत असते, आणि संशोधनाला किमान तीन वर्षे द्यावी लागतात. बिलासपूरचे गुरु घासीदास विश्वविद्यालय आणि रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल विश्वविद्यालय या दोन्हींत फार्मसीचे विभाग आहेत. तांत्रिक विश्वविद्यालय तर आपल्या भिलाईतच आहे. दोन्ही पदव्यांच्या नावात डॉक्टर आहे म्हणून त्या एकसारख्या समजू नकोस. फार्म.डी. रुग्णाजवळ नेते, पीएच.डी. प्रश्नाजवळ.

हजेरीचा नियमही कडक आहे. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळी ८० टक्के हजेरी लागते आणि पास व्हायला ५० टक्के गुण. सणावाराला आठ-आठ दिवस भिलाईला येणे जमणार नाही, हे ताईला आत्ताच समजावून ठेव.

कागदांत दहावीची गुणपत्रिका जन्मतारखेसाठी, बारावीची, टीसी, मूलनिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आणि राज्याबाहेर जायचे तर बोर्डाचे मायग्रेशन सर्टिफिकेट. शेवटच्यासाठी मुले हमखास धावपळ करतात. बारावीचा निकाल लागल्याबरोबर अर्ज कर.

फॉर्म भरण्यापूर्वी एकदा सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात सकाळी दोन-तीन तास बसून ये. ओपीडीच्या औषध खिडकीपाशी बस आणि माणसे गोळ्या घेऊन जाताना काय विचारतात, त्यांना काय उत्तर मिळते, ते ऐक. दिवसभर तेच काम करायला आवडेल का, ते तुझे तूच ठरव.

ठरले की कॉलेजांची यादी मला पाठव, आपण दोघे मिळून पाहू. पीसीआयच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजाच्या नावासमोर बी.फार्म. नव्हे, फार्म.डी.च लिहिलेले आहे का, आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंतची आहे, हे दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नकोस.

तुझा,
मामा