अपुरी ठेविलेली दगडांची रास

शब्बाथशाळेच्या शिक्षकांकरितां धडा
शास्त्रपाठ: यहोशवा ४:१–९, मत्तय ५:२३–२४

यार्देन उतरल्यावर इस्राएल लोकांनीं बारा दगड उभे केले. हेतु हा कीं, पुढें मुलांनीं त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनीं तो सांगावा. ते दगड देवाच्या कृपेचें स्मारक होत. आज आम्ही वाचकांपुढें दुसरी एक रास ठेवितों. ती ख्रिस्ती मंडळ्यांच्या अपराधाचें स्मारक आहे.

कॅनडा देशांत १८८० नंतरच्या दशकापासून सरकारनें मूळ रहिवाशांच्या मुलांकरितां वसतिशाळा काढिल्या. त्या चालविण्याचें काम रोमन कॅथोलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट व पुढें युनायटेड ह्या मंडळ्यांनीं पत्करिलें. सुमारें १,५०,००० मुलें आईबापांपासून दूर ठेविलीं गेलीं. त्यांचे केस कापले. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांस शिक्षा झाली. कित्येकांवर घोर अत्याचार झाले. शाळांत मुलें क्षयानें मरत आहेत, असें सरकारचेच वैद्याधिकारी डॉ. पीटर ब्राइस ह्यांनीं १९०७ सालीं कळविलें. तरीही १९२० सालीं कायद्यानें हजेरी सक्तीची झाली. हजारों मुलें घरीं परतलींच नाहींत. शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाल्या.

सन १९८६ मध्यें सडबरी येथें युनायटेड मंडळीनें मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. सुवार्तेबरोबर आपण आपली रीतभातही लादली, असें तिनें कबूल केलें. तेथें दगडांची रास रचण्यांत आली. १९८८ सालीं मूळ रहिवासी ख्रिस्ती जनांनीं ती क्षमायाचना ऐकून घेतली, परंतु स्वीकारिली नाहीं; शब्द कृतींत उतरावे, अशी आशा त्यांनीं प्रकट केली. म्हणून ती रास मुद्दाम अपुरी ठेविली. वसतिशाळांबद्दल त्या मंडळीनें स्वतंत्रपणें क्षमा मागितली ती १९९८ सालीं.

ह्यावरून शिक्षकांनीं हें शिकवावें: क्षमा मागणें हें अपराध्याचें कर्तव्य आहे; ती केव्हां द्यावी, हें दुखावलेल्यानें ठरवावयाचें. सत्य सांगितल्यावांचून समेट होत नाहीं. ह्याच कारणास्तव कॅनडाच्या सत्य व समेट आयोगानें २०१५ सालीं ९४ मागण्या केल्या. त्यांत हा इतिहास प्रत्येक शाळेंत शिकवावा, ही एक आहे.

विचारावयाचे प्रश्न
१. वेदीपाशीं दान ठेवून आधीं कोणाकडे जावयाचें?
२. रास अपुरी कां ठेविली?
३. वर्गांत एखादें मूल घरची बोली बोललें, तर आपण हसतों काय?