चुकीचं जन्मगाव

चि. मृणाल,


तुझ्या नावातला ‘मृ’ जन्मदाखल्यावर इंग्रजी ‘यू’ने आणि आधारवर ‘आय’ने लिहिलाय, पॅन त्याच्याशी लिंक होत नाही, म्हणून तू लगेच आधार केंद्रात निघालीस. जरा थांब. सगळे कागद पलंगावर तारखेच्या क्रमाने मांड: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, मग आधार आणि पॅन. फरक पहिल्यांदा कुठे शिरला ते बघ आणि दुरुस्ती तिथूनच सुरू कर. आधारवरचं नाव एरवी दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. आज एक संधी वापरलीस आणि मग कळलं की दहावीच्या प्रमाणपत्रावरही ‘आय’च आहे, तर दुसरीही हकनाक जाईल. ‘पण सगळीकडे आधारच मागतात,’ म्हणशील. मागतात खरं, पण २०२४ मध्ये अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. खिडकीवर आधार चालतं, वाद उभा राहिला की जुना कागद बोलतो.

जन्मनोंदच चुकली असेल तर ती कोण बदलणार, ही भीती नको. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातलं कलम १५ त्यासाठीच आहे. निबंधक मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहितो, खाली सही आणि तारीख घालतो. (व्हाइटनर फासणाऱ्या आपल्या कार्यालयांनी हे शिकावं.) ‘एक अ‍ॅफिडेव्हिट करून टाक’ हा सल्लाही तुला मिळेल. मुदत डोक्यावर असेल तर जरूर कर, एखाद्या टेबलाचं त्यावर भागतं. पण कागद चुकीचाच राहतो आणि पुढचं टेबल पुन्हा तोच प्रश्न विचारतं. राजपत्राचा खर्च तर इतक्यात नकोच. तिथली जाहिरात सांगते की तू नाव बदललंस. तू बदललेलं नाहीस, कुणीतरी चुकीचं टंकलंय. अर्थात जुने सगळे कागद एकसारखे निघाले आणि एकट्या आधारवरच ‘आय’ असला, तर खुशाल केंद्रात जा. जन्मदाखला सोबत ने, पडद्यावरचं स्पेलिंग स्वतः वाच आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

हृषीकेशचा पासपोर्ट अजून काढायचाय ना? त्याच्या नावात तर ‘हृ’ की ‘ऋ’ इथूनच वाद आहे. त्याचेही कागद त्याच पलंगावर मांड.

तुझा,
काका